भगवानची पट्टी

माझी शेवटची पोस्टिंग नियंत्रण रेषेवर होती. मी हवालदार, गाव ताडकळस, जिल्हा परभणी. माझा बडी, म्हणजे जोडीदार जवान, नाईक भगवान. तो वालूरचा, मेंढरं पाळणाऱ्या घरातला. "जगात जर्मनी, भारतात परभणी," म्हणत पलटण आमची फिरकी घ्यायची. आम्ही ते छाती काढून ऐकायचो.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे पेट्रोलिंगची गस्त, आलं की चहा, मग शस्त्रांची सफाई. त्या दिवशी परत येताना माझा डावा पाय सुरुंगावर पडला. पावसानं मूळ जागेवरून वाहत आलेला सुरुंग होता.

फौजेत नियम आहे. जखमीला त्याच्याजवळचीच फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेची पट्टी, बांधायची, आपली आपल्यासाठी राखायची. माझी स्फोटात गेली होती. भगवाननं स्वतःची काढली.

"ती तुझी हाय," मी म्हणालो.

"गप पड. लय बोलायलास." मग रेडिओवर, "एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

मला ओढत मागं नेताना त्याच्या पायाखाली दुसरा सुरुंग फुटला. त्याला बांधायला काहीच उरलं नव्हतं. बाकीचे पोहोचेपर्यंत भगवान गेला.

हॉस्पिटलात माझा पाय बाहेरून सळया लावून तात्पुरता धरला होता. सर्जन कर्नलसाहेब सरळ बोलले. "पाय वाचवता येईल. दोनेक वर्षं ऑपरेशनं चालतील. तळव्याला संवेदना येणार नाही. जखम चिघळली तर शेवटी कापावाच लागेल. आत्ता गुडघ्याखाली कापला, तर काही महिन्यांत नव्या पायावर चालशील. निर्णय तुझा."

"पाय ठेवा, साहेब."

ज्या पायाला पट्टी बांधून भगवान गेला, तो कापायला सही करणं मला गद्दारी वाटत होतं. बायको समजावायला आली, तर तिच्यावरच खेकसलो.

तेरावा उरकून भगवानचे वडील, आबा, मला भेटायला आले. सळयांकडे बघत म्हणाले, "काय म्हणायलेत डॉक्टर?" मी सगळं सांगितलं. नाही का म्हणतोय, तेही सांगितलं.

आबा भडकले. "येडा हायस का? माजं पोरगं त्या पायासाठी गेलं न्हाई, तुज्यासाठी गेलं. पाय जातोय तर जाऊ दे. तू ऊठ."

मी सही केली. त्याचा मला आजवर पस्तावा झालेला नाही. मी मोटारसायकल चालवतो, शेतात फिरतो आणि हळहळणाऱ्यांना उडवून लावतो.

नवा पाय बसल्यावर एसटीनं वालूरला गेलो. स्टँडपासून चालत निघालो. आबा ओट्यावर बसले होते. मुलाला लष्करी इतमामात निरोप देताना हा माणूस रडला नव्हता, असं गावातले सांगतात. मला चालत येताना पाहिलं आणि ते भिंतीला धरून हमसून हमसून रडले.

"आलास का रं," एवढंच म्हणाले.

मी आत गेलो. भगवानच्या फोटोसमोर सावधान झालो, दोन्ही टाचा जुळवल्या आणि त्याला सॅल्यूट केला.