काढलेली दाढ आणि अव्वांची शेवग्याची आमटी

‘‘तुमच्या डोक्यात काही नाही,’’ दातांच्या डॉक्टर म्हणाल्या. एरवी कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्या दिवशी रडूच आलं.

चार दिवसांपूर्वी त्यांनीच माझी खालची दाढ काढली होती. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी कान, कानशील आणि निम्मं डोकं असं ठणकायला लागलं की शाळेत शिकवताना फळ्याकडे बघवेना. माझे वडील डोकं दुखण्याचंच निमित्त होऊन गेले. त्यामुळे मी मनातल्या मनात निरवानिरव करून टाकली होती.

निघालं ‘ड्राय सॉकेट’. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी तयार होते. ती जखमेचं झाकण. ती निसटली की हाड उघडं पडतं आणि कळ डोक्यापर्यंत जाते.

‘‘स्ट्रॉने काही प्यायलात? काही चोखलंत?’’

शेजारी माझ्या सासूबाई बसल्या होत्या. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं, म्हणून आम्ही सगळे त्यांना अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणतो. सुनेला चावता येत नाही म्हणून त्यांनी दोन्ही दिवस शेवग्याची आमटी केली होती. ‘‘चावू नगं, शेंग नुसती चोख. लई मऊ हाय,’’ म्हणत वाढत होत्या. मीही मिटक्या मारत चोखत होते.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. डॉक्टरांशी कधी खोटं बोलू नका. मी बोलले.

‘‘चोखल्या की! म्याच दिल्या,’’ अव्वा म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार उतरला.

डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या तेलाची पट्टी भरली. तासाभरात डोकं हलकं झालं. पट्टी बदलायला आणखी दोनदा जावं लागलं. तुमचं असं झालं तर गोळ्यांवर दिवस ढकलू नका, सरळ दवाखाना गाठा.

माझं दुखणं थांबलं, अव्वांचं नाही. ‘‘माज्या हातचं नगं आता तुला,’’ म्हणून त्या माझ्यासाठी काही करेनात. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला त्या घरात परकं वाटलं.

शेवटी मीच शेंगांची जुडी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ‘‘अव्वा, भूक लागलीय.’’

त्यांनी एक शेंग उचलून बोटांनी दाबून बघितली. मग उठल्या.

आमटी आली, पण तिच्यात एकही शेंग नव्हती. अव्वांनी प्रत्येक शेंग चिरून चमच्याने गर काढून घातला होता. त्या नादात मीठ घालायचं विसरल्या होत्या.

‘‘कशी झालीया?’’

‘‘झकास,’’ मी म्हणाले आणि वाटी पुढे केली. आठवड्यातलं हे दुसरं खोटं. याची मात्र मला अजिबात लाज वाटत नाही.