पंपाचे दात

पुण्यात टाकी भरताना दराच्या पाटीकडे बघून मी वैतागले होते. पाटोद्याजवळ पोचले तेव्हा त्याच पुण्याच्या दराच्या आठवणीनं मला गहिवरून आलं. मराठवाड्यात जसजसं आत जावं, तसतसा पेट्रोलचा भाव चढत जातो. डेपो लांब, म्हणून वाहतूक जास्त, म्हणून भाव जास्त, असं समजावून सांगणारे पुष्कळ भेटले. कमी करून देणारा काही भेटला नाही.

पाटोद्याच्या अलीकडे एका पंपावर चाकात हवा भरायला थांबले. पाटीवर ‘हवा मोफत’ असं ठसठशीत लिहिलेलं. शेजारी खुर्चीवर बसलेल्या माणसानं मान न उचलता सांगितलं, “हवा बंद हाय.”

“कधी सुरू होईल?”

“हवावाला लग्नाला गेलाय.”

“मग येणार कधी?”

“लग्न झाल्यावर,” तो म्हणाला. माझा प्रश्न त्याला जरा बालिशच वाटला असावा. स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांकडे होती. मला राग पटकन येतो, हे घरचे जाणतात. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. चाक मऊच ठेवून पुढे निघाले.

निघाले होते ती रंजनासाठी. रंजना माझी मामेबहीण, केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं घरच्या म्हशी विकून पिकअप घेतली आणि ती स्वतः चालवायला शिकली. आजूबाजूच्या गावांतल्या शेळ्या-बकऱ्या गोळा करून ती बाजाराला पोचवते. त्या पंचक्रोशीत स्टेअरिंगवर बसून जनावरांच्या बाजारात शिरणारी ती पहिलीच बाई. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला होता. “अक्का, या बाजाराला बप्पा गाडी इकायला निघालेत. डिझेल लई खाते म्हणत्यात. तू ये.”

बप्पा म्हणजे तिचे सासरे. सारा जन्म हेडी (जनावरांचे दलाल) म्हणून बाजारात गेलेला. बैलाकडे एकदा पाहिलं की त्याचा स्वभाव सांगतात. गाडीकडे मात्र ते पहिल्या दिवसापासून सावत्र नजरेनं पाहत आले होते.

मांजरसुंबा, नेकनूर, केज करत दिवस मावळायला वडगावात शिरले. रंजनानं येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) केली होती. तिचा वास अंगणातच आला. भाकरी कुस्करून मी जेवत असताना बप्पांनी विषय काढला.

“गाडीत खोट न्हाई. पण बाईचा पाय एक्सलेटरवरून उठत न्हाई. मग डिझेल पुरंल कसं?”

रंजना तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “बप्पा, मी सांगितलं की. घाटाखालच्या त्या पंपावर भरलं की काटा लवकर खाली येतो. दुसरीकडं भरलं की येत न्हाई.”

“त्या पंपाचं नाव काढू नको. त्या मालकाच्या बापानं माझ्याकडून बैलं नेली, कधी शब्द मोडला न्हाई. तिथंच भरायचं.”

रंजनाचा नवरा विलास ताटात बघत राहिला. तिच्याच बाजूचा होता तो, पण बापापुढं बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. माजलगावच्या बाजारात सुदामराव नावाचा हेडी गाडी घ्यायला येणार होता, हे ठरल्यासारखंच होतं.

सकाळी आम्ही निघालो. मागे शेळ्या, आणि शेळ्यांमध्ये बप्पा उभे. पुढे जागा होती, पण सून गाडी चालवत असताना शेजारी बसणं त्यांना पटत नसे. “जनावरं धराया पायजेत,” असं कारण देत. मी पुढे बसले. धारूरपर्यंत रस्त्याच्या कडेनं सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या. एक फोडून खाल्लं आणि हात चिकट झाले, ते दिवसभर तसेच राहिले. पुढे घाट आला. रंजनानं गिअर उतरवला आणि वळणावळणानं गाडी अशी खाली आणली की मागच्या शेळ्यांनीसुद्धा तक्रार केली नाही. एक्सलेटरवर पाय कुठे होता ते मी मुद्दाम पाहत होते. बहुतेक वेळ तो तिथे नव्हताच.

घाट उतरल्यावर उसाचा मुलूख सुरू झाला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्या आवाजात गाणी, रस्त्यात सांडलेली उसाची वाढी (हिरवे शेंडे). अशाच एका वळणावर तो पंप होता, बप्पांच्या विश्वासाचा.

रंजनानं गाडी लावली. नळी हातात घेतलेल्या पोराला तिनं आधी आकडा शून्यावर आणायला लावला. मग म्हणाली, “भाऊ, आधी पाच लिटरचं माप काढा. मोजून बगायचंय.”

पोरानं आत बघितलं. व्यवस्थापक बाहेर आला, पांढराशुभ्र शर्ट, दातात काडी. “माप कपाटात हाय. चावी मालकाकडं.”

त्याच्या मागच्या भिंतीवर एक पाटी होती. तिच्यापुढे पाण्याचे रिकामे जार रचलेले. मी उतरले, दोन जार बाजूला केले आणि मोठ्यानं वाचलं, की ग्राहकाला माप तपासून मागण्याचा हक्क आहे. माझ्या आवाजाची ख्याती माहेरी आहे. मागे रांगेतल्या मोटारसायकलवाल्यांनी माना वर केल्या.

व्यवस्थापक हसला. रंजनाकडे बघून म्हणाला, “ताई, मापाचं कावून इचारता? माप बरोबर हाय. बाईचा पाय एक्सलेटरवरून उठत न्हाई, मग डिझेल पुरंल कसं?”

शब्दाला शब्द तेच. रात्री जेवताना बप्पा बोलले होते ते.

मी वळून पाहिलं. बप्पा शेळ्यांमध्ये उभे होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता. घरात आपण बोललो तेव्हा ते बोलणं त्यांना शहाणपणाचं वाटलं असेल. परक्या माणसाच्या तोंडून सुनेला ऐकवलेलं ऐकलं आणि ते कसं लागतं ते त्यांना कळलं. फळीला धरून ते खाली उतरले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी मशिनवर टाकला, नळीच्या अगदी वर.

“सौदा चालू हाय,” ते म्हणाले.

इथे थोडं सांगायला हवं. इकडच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. रुमाल पडला की तिसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकानं पुढे यायचं नाही. सौदा जुळेपर्यंत किंवा मोडेपर्यंत बाकीचे थांबतात.

“आजोबा, हा पंप हाय, बाजार न्हाई,” व्यवस्थापक म्हणाला. “भाव वरून येतो. तुमी रुमाल टाकून कमी व्हायचा न्हाई.”

“भावाचं मी बोलतच न्हाई. भावात आमचं बोट न्हाई, ठाव हाय आमाला. पण दात बगितल्याबिगर मी जल्मात बैल घेतला न्हाई. माप आण.”

“चावी...”

“मग चावी येईस्तोवर आमी हायेत.”

आता मागे कलकलाट होणार, हॉर्न वाजणार, असं मला वाटलं. पुण्यात तर आमच्यावर लोक धावून आले असते. इथे उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं रुमालाकडे पाहिलं, गाणं बंद केलं, मग इंजीन बंद केलं. त्याच्या मागच्यानं केलं. मोटारसायकली बंद झाल्या. एकानं फोनवर कुणाला तरी हळूच सांगितलं, “थांब बे, सौदा चाललाय.” कुणी पुढे आलं नाही आणि कुणी निघूनही गेलं नाही. कामाच्या ऐन घाईत ती सगळी माणसं रंजनाच्या मापासाठी उन्हात उभी राहिली. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

हॉर्न वाजले असते तर व्यवस्थापकानं ते खुशाल वाजू दिले असते. त्या शांततेचं काय करावं ते त्याला कळेना. दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला. शेवटी चावी त्याच्याच खिशात निघाली.

माप आलं. जाड पत्र्याचं, अरुंद गळ्याचं, गळ्याशी काचेच्या पट्टीवर रेघ. रंजनानं ते सपाट जागी ठेवलं, पोरानं नळी लावली, मशिनवर पाच लिटर पूर्ण झालं आणि नळी थांबली. सगळे वाकले. डिझेल रेघेच्या बरंच खाली होतं.

“परत भर,” ट्रॅक्टरवाला म्हणाला. परत भरलं. परत तेवढंच.

व्यवस्थापक रंजनाजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, तुमच्या टाकीत वरून घालून देतो. इषय मिटवू.”

“मला वरचं नगं,” रंजना सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. “माप पुरं पायजे. आन् ते समद्यांना.”

मी पाटीवरच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला. साहेब जेवायला गेले होते. ट्रॅक्टरवाल्यानं लावला, मोटारसायकलवाल्यांनी लावला. शेवटी साहेबांना जेवण सोडून फोनवर यावं लागलं. साहेबांच्या सांगण्यावरून पोरानं त्या नळीवर पोतं गुंडाळून ती बंद केल्यावरच बप्पांनी आपला रुमाल उचलला. त्या पंपाकडे त्यांनी एकदा पाहिलं. “बाप तसा न्हवता,” एवढंच म्हणाले.

मग ते गाडीच्या पुढच्या दाराशी आले आणि मला म्हणाले, “सरका थोडं.” शेळ्यांचं काय, असं मी विचारलं नाही. माजलगावपर्यंत बप्पा सुनेच्या गाडीत पुढे बसून आले. वाटेत धरणाचं पाणी दिसलं तेव्हा त्यांनी मला बोट करून दाखवलं, जणू मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

बाजारात शेळ्या उतरवेपर्यंत सुदामराव हजर. गाडीभोवती फेरी मारली, चाकांना लाथा मारल्या आणि रुमाल पसरून बप्पांपुढे हात केला. “बोला बप्पा. बोलीप्रमाणं आलोय.”

रंजना दोरी सोडत होती. तिचे हात थांबले.

बप्पांनी आपला रुमाल खांद्यावरून काढला आणि रंजनाच्या हातात दिला. “गाडी हिची हाय. हिला इचारा.”

आजूबाजूचे हेडी जवळ सरकले. त्या बाजारात बाईच्या हातावर रुमाल पडलेला कुणी पाहिला नव्हता. सुदामराव गोंधळले, पण माणूस रीतीचा. त्यांनी हात पुढे केला. रंजनानं पदर खोचला, रुमाल हातावर टाकला. क्षणभर रुमाल हलला, मग स्थिर झाला. सुदामरावांनी हात बाहेर काढला आणि ते मोकळेपणानं हसले.

“मूठ दिली पोरीनं,” ते म्हणाले. “सौदा न्हाई.”

बप्पांनी रुमाल परत घेतला नाही. येताना तो गाडीच्या आरशाला बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी परत फिरले. पाटोद्यात टाकी भरायला थांबले. दर तोच, चढाच. खिशातून जाणार होतं ते जाणारच होतं. पण मी गाडीतून उतरून माप मागितलं. पंपावरच्या माणसानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माप आणलं, भरलं. डिझेलऐवजी पेट्रोल, एवढाच फरक. रेघेला टेकून काठोकाठ.

“पुण्याची गाडी दिसते,” तो म्हणाला. “माप कुणी मागत न्हाई इथं. कुठल्या तुमी?”

तीस वर्षं या प्रश्नाला मी पुणे असं उत्तर देत आले आहे.

“युसूफ वडगावच्या रंजनाची बहीण,” मी म्हणाले.