हरकत कुणाचीच नाही

भीमसेनरावांच्या नोकरीचं वर्णन कुणापुढे केलं तर समोरच्याला ती थापच वाटायची. सरकार त्यांना दरमहा पगार देत होतं ते कशासाठी, तर अमेरिकेत विजेच्या बाबतीत येत्या महिन्यात काय काय होणार आहे ते लिहून काढण्यासाठी! बंगळुरात बसून! तिकडची कुठली वीज कंपनी दर वाढवून मागते आहे, कुठला आयोग कुठल्या तारखेला सुनावणी घेणार आहे, कुठला नवा कायदा येऊ घातलाय, सगळं नीट तारीखवार टाइप करायचं आणि अकरा अधिकाऱ्यांना वाटायचं. बरं, हे ज्या मासिकांतून काढायचं ती मासिकं येत बोटीने, तीन-तीन महिन्यांनी. म्हणजे ‘येत्या महिन्यात होणार’ असं भीमसेनराव इकडे टाइप करत तेव्हा तिकडे ते होऊन, लोक घरी जाऊन विसरूनही गेलेले असत. एकदा धीर करून त्यांनी हे साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “मग काय बिघडलं? आपल्याला तर ते नवीनच आहे ना?”

साहेब म्हणजे नरसिंहराव, वीज सल्लागार समितीचे चिटणीस. गोरेपान, गुळगुळीत दाढी केलेले, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांच्या टेबलावर या टिपणाची प्रत पाहावी तर ती जेवणाच्या डब्याखाली, सांबाराचे डाग पडलेली. बाकीच्या दहा प्रतींची गतही याहून बरी नव्हती. भीमसेनरावांनी आपल्या डोळ्यांनी एका अधिकाऱ्याला त्या कागदाने चष्मा पुसताना पाहिलं होतं. शी! आणि तरी दर महिन्याच्या एक तारखेला टिपण वेळेवर आलं नाही तर मेमो मिळायचा.

पण भीमसेनराव ते वाचत. अकरा अधिकाऱ्यांनी मिळून जेवढं वाचलं नसेल तेवढं एकट्याने वाचलं. आणि वाचता वाचता त्यांना त्या सुनावणीचं वेडच लागलं. तिकडे म्हणे विजेचा दर वाढवायचा असो की कुणाची वीज कमी करायची असो, आधी नोटीस लावतात. मग एका दिवशी आयोग बसतो आणि कुणीही उठून त्याच्यापुढे बोलतं. दुकानदार, शेतकरी, एखादी म्हातारीसुद्धा. आणि ती जे बोलते ते लिहून घेतात! कॉटनपेटमधल्या आपल्या दोन खोल्यांत रात्रीच्या जेवणाला बसले की भीमसेनराव हे बायकोला रंगवून सांगत. भिंतीपलीकडून अंबूबाई हाक द्यायच्या, “भीमण्णा, मग पुढे काय झालं रे त्या म्हातारीचं?”

अंबूबाईंची पिठाची गिरणी होती. तीन हॉर्सपॉवरची मोटर, एक जातं, बाहेर दोन पायऱ्या. नवरा गेला तेव्हा दिरांनी ती विकायला काढली होती. बाईंनी पदर खोचला आणि स्वतः मोटर चालवायला शिकल्या. पट्टा सुटला तर स्वतः चढवायच्या. रागी म्हणजे नाचणी, तांदूळ, तिखट, सगळ्या गल्लीचं दळण तिथे. दुसरं उत्पन्न काही नाही. गिरणी चालली तर चूल पेटणार, एवढं साधं गणित होतं.

सहासष्ट साली धरणांनी तळ गाठला. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि वीज पुरेना. समितीत ठरायला लागलं की कपात कुणाची करायची. मोठ्या कारखान्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा नजर गेली ती खालच्या लोकांकडे. पाच हॉर्सपॉवरच्या आतल्या सगळ्या मोटरी दिवसा बंद, वीज फक्त रात्री अकरा ते पहाटे पाच. असा मसुदा भीमसेनरावांच्याच टाइपरायटरखालून गेला. पाच हॉर्सपॉवरच्या आतली मोटर म्हणजे कोण? अंबूअक्का!

दुसऱ्या दिवशी ते साहेबांपुढे उभे राहिले. म्हणाले, “सर, अमेरिकेत असा निर्णय सुनावणीशिवाय घेत नाहीत. आपणही घ्यावी.”

नरसिंहरावांनी डोळे मिटले, उघडले आणि हसले. त्यांचा अमेरिकेच्या अभ्यासदौऱ्याचा अर्ज दिल्लीला पडून होता. बंगळुरात पहिली सुनावणी, तीही खुद्द आपण घेतलेली! “वा, भीमसेन! नोटीस तुम्हीच तयार करा. अगदी त्यांच्या नमुन्याबरहुकूम.”

भीमसेनरावांना आनंद झाला तो काय विचारता! एका मासिकात तिकडच्या कुठल्याशा राज्याची नोटीस पूर्ण छापलेली होती. ती समोर ठेवून त्यांनी कलमामागून कलम उतरवलं. तिथलं एक वाक्य गाळायचं नाही असं त्यांनी ठरवलंच होतं, कारण एकदा गाळायला लागलं की सरकार सगळंच गाळणार. त्यात सातवं कलम होतं: हरकत सात दिवस आधी लेखी, तीन प्रतींत द्यावी, तशी न आल्यास हरकत नाही असं समजण्यात येईल. तेही त्यांनी सुबकपणे टाइप केलं आणि विसरले. त्यांच्या डोक्यात सुनावणी म्हणजे बोलणं. तीन प्रतींशी त्यांना कधी कर्तव्यच नव्हतं.

नोटीस लागली. कुठे, तर कचेरीच्या दाराच्या आतल्या अंगाला, इंग्रजीत. दार उघडं असलं की ती भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि दार दिवसभर उघडंच असायचं. भीमसेनरावांनी मात्र स्वतः गल्लीत फिरून सांगितलं. तीन गिरणीवाले ‘सरी, सरी’, बरं बरं, म्हणाले आणि सुनावणीला आले तेव्हा तोंड शिवून बसले. बोलल्या त्या एकट्या अंबूबाई.

ठेवणीतलं इरकल नेसून आल्या होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, खिडक्यांतून ऊन येत होतं. बाई कानडीत बोलल्या, खणखणीत, वीस मिनिटं. “साहेब, मजुराची बायको संध्याकाळच्या मजुरीतून रागी घेते, सकाळी दळते, दुपारी पिठाचे गोळे उकडून मुद्दे करते. ती रात्री एक वाजता डोक्यावर डबा घेऊन माझ्याकडे येणार का? आणि मी विधवा बाई अपरात्री दार उघडून बसले तर पेठेतले लोक काय बोलतील, ते तुम्हाला सांगायला पाहिजे का? मला दिवसभर नको. सकाळचे दोन तास द्या. स्वल्प वीज द्या, पण दिवसा द्या.” मग वर बघून म्हणाल्या, “आणि इथे उन्हात सहा दिवे कशाला जळतायत? ते आधी विझवा.”

सगळे हसले. नरसिंहरावांनी स्वतः उठून बटणं बंद केली, बाईंना नमस्कार केला, कॉफी पाजली. फोटोग्राफर आणलेला होताच. बाई बोलताहेत आणि साहेब गालावर हात ठेवून ऐकताहेत, असा फोटो निघाला. भीमसेनराव खाली मान घालून शॉर्टहँडमध्ये शब्द न् शब्द उतरवत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. हे आपण घडवलं, असं त्यांना वाटलं.

बाई जिना उतरल्या आणि साहेबांनी दिवे लावले.

“घ्या भीमसेन. सुनावणी पार पडली. आलेल्या हरकती: शून्य.”

“सर, अंबूबाई आत्ता...”

“लेखी आहे? सात दिवस आधी? तीन प्रती?” साहेबांनी नोटीस पुढे सरकवली. सातव्या कलमावर लाल पेन्सिलीने खूण केलेली होती, आणि ती खूण आजची नव्हती. “काय कलम आणलंत हो शोधून! मी शंभर वर्षं बसलो असतो तरी मला सुचलं नसतं. लोकांना बोलून मोकळं वाटतं आणि आपलं कामही अडत नाही.”

आणि पाठ थोपटली. त्या हाताची ऊब भीमसेनरावांच्या सदऱ्यावर कितीतरी वेळ राहिली. त्यांना अंघोळ करावीशी वाटली. त्या गुळगुळीत माणसाची शिसारी आली आणि त्याहून स्वतःची. पण उठून गेले का? नाही. वही साहेबांच्या टेबलावर आपटली का? नाही. पेन्शनला सहा वर्षं उरली होती. ते टाइपरायटरपुढे बसले, कागदांत कार्बन घातला आणि टाइप केलं: हरकत कुणाचीच नाही. एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. इतका स्वच्छ कागद त्यांनी वर्षात टाइप केला नव्हता.

तीन आठवड्यांनी हुकूम निघाला. महिन्याभरात नरसिंहरावांचा दौरा मंजूर झाला; फोटो अर्जाला जोडला होता. कचेरीत पेढे वाटले. भीमसेनरावांनीही घेतला आणि खाल्ला. हो, खाल्ला! पुढच्या एक तारखेला टिपणही वेळेवर गेलं.

अंबूबाईंनी पंधरा दिवस रात्री गिरणी उघडून पाहिली. दळणाला आली ती चार माणसं, आणि त्यांतली दोन दळणासाठी आली नव्हती. मग त्यांनी मोटरीला गिऱ्हाईक बघितलं. हातगाडीवर मोटर गेली त्या संध्याकाळी त्या भीमसेनरावांच्या पायरीवर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांना सांगू लागल्या.

“जाऊ दे गं. नाही म्हणाले तर नाही म्हणाले. पण आमच्या घराण्यात सरकारने कधी कुणाला बस तरी म्हटलं होतं का? मला खुर्ची दिली, कॉफी दिली, वीस मिनिटं ऐकून घेतलं. पाऊसच नाही, तर ते बिचारे तरी काय करणार? ऐकून घेतलं यातच आलं. आणि ते या भीमण्णामुळे!”

बायकांनी माना डोलावल्या. एकीने भीमसेनरावांकडे बघून हात जोडले.

“अक्का, पुरे!” ते ओरडले. “कुणी ऐकलं नाही तुझं. कागदावर तुझं नावसुद्धा नाही. हरकत कुणाचीच नाही असं लिहिलंय तिथे. आणि ते मी टाइप केलंय. ज्या कलमावर केलं, तेही मीच आणलं होतं.”

अंबूबाई त्यांच्याकडे वळल्या.

“मग मी बोलत होते तेव्हा तू खाली मान घालून काय लिहीत होतास रे?”

“तुझंच. शब्द न् शब्द.”

“कुठाय ते?”

भीमसेनरावांनी आतून वही आणली. बाईंनी ती उलटीसुलटी केली. त्या रेघोट्यांतलं त्यांना काही कळेना. “वाच,” म्हणाल्या. ते वाचू लागले. मजुराची बायको, रागी, डोक्यावरचा डबा, अपरात्रीचं दार. सगळं होतं, एक शब्द सुटला नव्हता. ‘सकाळचे दोन तास द्या’ इथपर्यंत आले आणि बाईंनी हात वर केला.

“बस.” पदर सावरून त्या उठल्या. “त्या साहेबाने कान उघडलेच नव्हते, त्याला काय बोलू? तू तर सगळं ऐकलं होतंस, भीमण्णा.”

त्या आपल्या घरात गेल्या. त्या दिवसानंतर भिंतीपलीकडून कधी हाक आली नाही.