गोळा न झालेलं पिल्लू

माझ्या ताईला लोक गरीब गाय म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. गायीला निदान दिवसातून एकदा चरायला सोडतात. भावोजींना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून ताई दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढ्यातच आहे. भाजी दारावर येते, औषधं शेजारी आणून देतात. ताई उंबऱ्याशी उभी राहून रस्त्यावरची माणसं बघते आणि आतून हाक आली की मागे फिरते.

भावोजी आयुष्यभर मालाचे ट्रक चालवायचे. महिन्यातून दोन-चार वेळा घरी यायचे, जेवायचे, झोपायचे, पुन्हा गाडीवर. असला माणूस एकाएकी खुर्चीला खिळला तर चिडणारच, हे मलाही कळतं. पण जीभ तेवढी शाबूत राहिली. देवाला नेमकी तीच कशी सापडली नाही, काय माहीत. पाणी दे. गार का आहे? खिडकी उघड. उन्हात मारतेस का, लाव ती. मी एक कामाची बाई लावून दिली होती, तिला त्यांनी दुसऱ्या दिवशी पळवून लावलं. मग म्हटलं, मीच येत जाते अधूनमधून. तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा झटका परवडला." मी शिवणाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, मला ओरडायचाच पगार मिळतो, त्यामुळे आमचं दोघांचं तसं बरं जमतं. ताई मात्र उलटून बोलत नाही. लहानपणीही नव्हती बोलत. माझ्या वाटणीची बोलणीसुद्धा तीच खायची.

तर शेजारच्या मोकळ्या जागेत माळी यंत्राने गवत कापत होता. ताईच्या अंगणाला लागूनच असलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगाखाली हेजहॉगची, म्हणजे अंगाचा काटेरी गोळा करणाऱ्या छोट्या प्राण्याची, मादी होती, ती पात्यात सापडली. माळ्याने ती फावड्याने उचलून टाकली आणि गेला चहा प्यायला. ताईला अंगणातून बारीक चिवचिव ऐकू आली. पाखरं असतील म्हणून तिने ढीग उकरला, तर पाच पिल्लं. डोळे न उघडलेली, अंगठ्याएवढी, पाठीवर पांढरे मऊ काटे. साळिंदराची असावीत असं तिला वाटलं. तिने ती सुपात घेऊन घरात आणली. भावोजी म्हणाले, "दुष्काळात तेरावा महिना. एक लोळागोळा पुरत नव्हता वाटतं तुला."

ताईने काय केलं, कुणीही करेल तेच केलं. घरातलं गायीचं दूध कोमट करून पाजलं. पिल्लांना हगवण लागली आणि सकाळी त्यातलं एक गेलेलं होतं. मग तिने प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. ताई घर सोडून जाऊ शकत नाही म्हटल्यावर डॉक्टरीणबाई स्वतःच आल्या. आधी त्यांनी ताईला चांगलं झापलं, मग सगळं शिकवलं. दूध शेळीचं, तेही ड्रॉपरने, थेंब थेंब. खाली गरम पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. आणि दर वेळी पाजून झालं की ओल्या कापसाने पोट पुसायचं, कारण त्याशिवाय या पिल्लांना शी-शू होत नाही, आई जिभेने चाटते तेव्हाच होते. ताई म्हणाली, "हे मला येतं. घरात एकाचं रोज करतेच आहे." ताईने असला विनोद केलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

जाताना डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. लाड करायचे नाहीत. काम झालं की खोक्यात ठेवून द्यायचं, बोलायचं नाही, मांडीवर घ्यायचं नाही. माणसाची चाहूल लागताच पिल्लाने अंगाचा गोळा केलाच पाहिजे, तेवढंच काय ते त्याच्यापाशी आहे. जे गोळा होत नाही त्याला बाहेर पहिलंच कुत्रं खातं. म्हणून सोडायच्या आधी परीक्षा घेतात. नापास झालं तर दवाखान्यामागे भिंत घातलेलं आवार आहे, तिथे मरेपर्यंत.

याच सुमारास माझी भाची बाळंत झाली, मुलगी झाली. भाची राहते लांबच्या शहरात. ताई आजी झाली ती फोनवर. बाळाचं वजन आणि पिल्लांचं वजन ती मला एका दमात सांगायची, आणि कुणाचं कुठलं हे मला विचारून घ्यावं लागायचं. भाची फोनवर रडायची, "मावशी, आईला एकदा पाठव गं, मला फक्त ती हवीय." ताईही म्हणायची, एकदा हातात घ्यायचंय. तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. म्हणून मी भावोजींपुढे जाऊन बसले आणि म्हटलं, आठ दिवस मी इथे राहते, तिला जाऊ द्या.

भावोजींनी आधी पिल्लांच्या खोक्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ती चार लचांडं गळ्यात बांधून घेतलीत ना तिने. ती जाऊ देत, मग जाऊ दे तिला."

"शब्द देताय?"

"दिला."

मी कारखान्यात रजा सांगून ठेवली.

पिल्लं वाढली. डोळे उघडले, काटे ताठ झाले, मांजरांचं खाणं खाऊन ताटलीतच लोळू लागली. वजनं भरली तसं डॉक्टरीणबाईंनी परीक्षेचा दिवस ठरवला. मी कपड्यांची पिशवी घेऊन सकाळीच पोचले. ताईची बॅग भरलेली होती, वर नातीसाठी शिवलेली दुपटी. ताईने केस धुतले होते. ती मला कितीतरी दिवसांनी माझ्या बहिणीसारखी दिसली.

दुपार कलल्यावर डॉक्टरीणबाई आल्या. अंगणाच्या फरशीवर एकेक पिल्लू ठेवायचं, पाय आपटत जवळ जायचं आणि हातमोज्याने टोचायचं. पहिलं फुस्स करून गोळा झालं. दुसरं, तिसरंही तसंच. चौथं सगळ्यांत लहान. त्याने डॉक्टरीणबाईंचा बूट हुंगला, त्यांनी टोचलं तर हातमोजाही हुंगला. मग आम्हाला वळसा घालून तुरुतुरु उंबऱ्यापर्यंत गेलं, धडपडत तो चढलं आणि थेट भावोजींच्या खुर्चीखाली जाऊन त्यांच्या पावलावर चढून बसलं.

"याला कुणी हातात घेऊन बसायचं का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भावोजी खिडकीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "मी."

"लाड करायचे नाहीत हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"होतं. म्हणूनच. एक तरी घरात राहायला हवं होतं. सगळी गेली असती की ही पण गेली असती. आणि एकदा गेल्यावर परत कशाला येईल? मी तरी आलो असतो का?"

मी त्यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. आजवरचं सगळं काढलं. ते खाली वाकून डाव्या हाताचं एक बोट पिल्लाच्या कपाळावर ठेवून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी पिल्लू त्यांच्या हाताखालून काढलं आणि वेगळ्या खोक्यात ठेवलं. मला म्हणाल्या, तिघांना मी संध्याकाळी सोडते, याला आवारात ठेवते, ताईंना आता काही करायचं नाही, त्यांना जाऊ दे. म्हणजे वाट मोकळीच होती. भावोजींचा डाव त्यांच्यावरच उलटला होता. त्या गेल्या आणि मी ताईला शोधत मागे आले.

ताई अंगणातल्या नळावर पिल्लांच्या ताटल्या घासत होती.

"ठेव ते," मी म्हटलं. "बस मिळेल अजून. त्या माणसाकडे मी बघते."

"त्यांना बोलू नकोस," ताई म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रोज दुपारी ते त्याला घेऊन बसायचे. मीच आणून द्यायचे त्यांच्या हातात."

मी नळ बंद केला.

"ते हातात असलं की हे ओरडायचे नाहीत गं," ती म्हणाली. "तेवढा वेळ मी भिंतीला टेकून नुसती बसायची. काही करायची नाही. इतक्या वर्षांत तेवढंच मिळालं मला. लाड करायचे नाहीत, मला पाठ होतं सगळं. उद्यापासून नाही द्यायचं, उद्यापासून नाही, असं रोज म्हणायची. माझ्या बसण्यापायी त्याला जन्माचं कोंडलं मी."

मी म्हटलं, ताई, जनावर आहे ते, त्याला खायला मिळतंय, भिंत आहे, कुत्रं नाही, काही वाईट नाही त्याचं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की भावोजींना झटका आल्यापासून लोक ताईबद्दल हेच म्हणत आलेत, मीसुद्धा. मला रडायला आलं आणि तिला आलं नाही.

"ऊठ," मी शेवटी म्हटलं. "नात वाट बघतेय."

"जाईन ना," ताई म्हणाली. "उद्या जाईन."

आतून हाक आली. भावोजींना पाणी हवं होतं. मी म्हटलं, तू बस, मी देते. पण ती तोवर आत पोचली होती, आणि आतून त्यांचा आवाज आला, गार का आहे.

नात आता चालायला लागलीय. ताई अजून गेलेली नाही.