चकली मिळेपर्यंत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ज्या माणसाला मी आमटी खारट झाली तरी ऑफिसात फोन करून सांगते, त्याच्यापासून एक गोष्ट लपवली म्हणजे ती केवढी असेल, तुम्हीच बघा. आता तुम्हाला का सांगते आहे? माहीत नाही. सांगते आहे, एवढंच.

आधी चकली. हसू नका — हे सगळं चकलीपासूनच सुरू होतं.

आम्ही शारजात अल नहदाला राहतो आणि आमच्या मराठी मंडळात मला ‘चकलीवाल्या वहिनी’ म्हणतात. दिवाळीच्या कार्यक्रमात माझ्या चकल्यांचा डबा उघडला की भाषण करणारा अध्यक्षसुद्धा आवरतं घेतो. भाजणी घरची, प्रमाण आईचं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं सांगू? मला चकली येत नाही. माझी चकली तेलात पडली की तिचे वेढे सुटतात आणि शेवेचे तुकडे तेवढे हाती लागतात. त्या सगळ्या चकल्या शेजारच्या दुबईतल्या, अल कुसैसच्या अनघाताईंकडून यायच्या. त्या घरातूनच फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. मी त्यांच्या चकल्या माझ्या स्टीलच्या डब्यात भरायची आणि कौतुक गोळा करायची. पण या लबाडीची मला फारशी लाज वाटत नाही. सांगायचं आहे ते वेगळंच.

त्या वर्षी अनघाताईंनी मदतीला गावाकडची एक बाई आणली होती. सिंधू. सोलापूरकडची, तिशीची, दोन मुलं आईकडे ठेवून आलेली. व्हिजिट व्हिसावर आणली होती आणि व्हिसा कधीच संपला होता — हे अर्थात मला नंतर कळलं. हाताला काय चव होती तिच्या! दिवाळीला पंधरवडा असताना मी ऑर्डर द्यायला गेले, तेव्हा ती चकल्या तळत होती. अनघाताई आतल्या खोलीत फोनवर होत्या. सिंधूने कढईवरची नजर न हलवता, अगदी हळू आवाजात मला सांगितलं, “ताई, माझा पासपोर्ट बाईंनी ठेवलाय. जाताना बाहेरून कुलूप लावतात. पगार दिलेला नाही. मला घरी जायचंय. कुणाला तरी सांगा.”

आता तुम्ही म्हणाल, बिचारीला कळलं नसेल काय करायचं. मला? दुसऱ्याचा पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, हे इथे शेंबडं पोरही जाणतं. माझ्या मुलीने तर शाळेत या विषयावर प्रोजेक्ट केलं होतं. माणसांची खरेदी-विक्री म्हणजे फक्त साखळदंड नव्हेत, कुलूप आणि पासपोर्टही पुरतो, असं सगळं तिने मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं. तेव्हा मी विचारलं होतं, कुणाला असं दिसलं तर काय करायचं गं? ती डोळे फिरवून म्हणाली होती, “ममा, यू जस्ट कॉल द पोलीस.”

मी काय केलं? मी ताटलीतली एक चकली उचलली, खाल्ली आणि सिंधूला म्हणाले, “दिवाळी होऊ दे हं, मग बघते.” आणि — हे सांगताना आत्ताही माझे कान तापतात — “मीठ किंचित वाढव,” असंही म्हणाले.

घाबरले होते का? नाही हो. घाबरले असते तर निदान भित्री तरी म्हणता आलं असतं. मी साधा हिशेब केला. आज तक्रार केली तर उद्या अनघाताईंचं स्वयंपाकघर बंद. मग माझ्या चकल्यांचं काय? मंडळाला काय सांगू — भाजणी बिघडली? थोडक्यात, मला चकली मिळेपर्यंत त्या बाईने कुलपात राहायला माझी हरकत नव्हती. असं स्पष्ट वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं नाही. कोण म्हणतं? पण वागले तशीच.

घरी जाऊन मी आकाशकंदील लावला. झोपही छान लागली, हे लपवत नाही.

पोलिसांना फोन केला तो आमच्या मंडळातल्या रुबीना भाभींनी. त्या मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांच्या घरच्यांना चकली फार आवडते, म्हणून दरवर्षी त्याही अनघाताईंकडूनच घ्यायच्या. ठरल्या दिवसाआधीच सहज गेल्या, तर दाराला बाहेरून कुलूप आणि आतून तळणीचा वास. दार वाजवल्यावर आतून रडण्याचा आवाज आला. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी त्यांनी जिन्यात उभं राहून पोलिसांना फोन लावला. मग मला कळवून बजावलं, “मीच केलाय गो फोन, पण कुणाला सांगू नको, आमचे हे उगाच घाबरतील.”

पुढचं जे झालं ते बघून मी थक्क झाले. दोन सरकारी खाती एकमेकांशी बोलतात हेच मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आपल्याला सवय या खिडकीवरून त्या खिडकीवर जायची आणि तिथे साहेब जेवायला गेलेले असायचे. इथे पोलिसांनी दार उघडून सिंधूला ठाण्यात नेलं, आणि तिथे एकाच खोलीत कामगार खात्याचा माणूस, निवासी व्हिसाच्या खात्यातली एक मुलगी, निवारा केंद्रातली बाई आणि आपल्या कॉन्सुलेटचे एक गृहस्थ असे शेजारी शेजारी बसले. एकाने व्हिसाचा दंड माफ व्हायची सोय केली, दुसऱ्याने थकलेल्या पगाराचं बघितलं, तिसरीने आधी तिला जेवायला घातलं. अडलं एकाच ठिकाणी. सिंधूला मराठीशिवाय काही येत नव्हतं. सरकारी दुभाषी मिळेपर्यंत कॉन्सुलेटने मंडळाला फोन केला, आणि मंडळाने मला पाठवलं. मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मीच करते ना!

खोलीत गेले तर सिंधूचा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेला. उकळतं तेल उडालं होतं. कधी, ते मी विचारलं. मी चकली चाखून गेले त्यानंतर.

महिला अधिकारी फार प्रेमळ होती. मला ‘हबीबती’, म्हणजे लाडके, म्हणून चहा दिला. मग तिने इंग्रजीत विचारलं, यापूर्वी हिने कुणाकडे मदत मागितली होती का? मी ते मराठीत विचारलं. सिंधूचा चेहरा उजळला. म्हणाली, “ताई, तुम्हाला सांगितलं होतं की!”

आणि मी, चकलीवाली वहिनी, वळून स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “नो. शी वॉज टू अफ्रेड.”

अधिकारी बाईने मान हलवली, लिहून घेतलं. एवढी खाती त्या टेबलाशी एकमेकांना खरं तेच सांगत होती. खोटं बोलणारी मी एकटीच. पुढे सरकारी दुभाष्यासमोर सिंधूचा रीतसर जबाब झाला. त्यात काय आलं ते मला माहीत नाही, मला परत कुणी बोलावलं नाही. अनघाताईंचा खटला कोर्टात गेला. मंडळाने मात्र मदतीला धावून गेले म्हणून मला शाल-श्रीफळ दिलं, आणि पहिल्या रांगेत बसून रुबीना भाभींनी टाळ्या वाजवल्या.

त्या चकल्यांचं काय झालं, विचारता? मी सुपरमार्केटातून पाकिटं आणून डब्यात ओतली. मंडळी म्हणाली, “वाह वहिनी, नेहमीसारख्याच!” कुणालाही फरक कळला नाही. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले, तेही चकल्यांसाठी की सिंधूसाठी, देव जाणे.

दिवाळीनंतर सिंधू परत निघाली. निवारा केंद्रातली बाई आणि कॉन्सुलेटचे गृहस्थ तिला सोडायला आले होते, मीही गेले. सिंधू खुशीत होती. मुलांसाठी चॉकलेटं, नवी ओढणी, हाताची जखम भरत आलेली. आत जाण्याआधी ती वाकली आणि भर विमानतळावर माझ्या पाया पडली.

“तुम्ही म्हणाला होतात, दिवाळी होऊ दे, मग बघते,” ती हसत म्हणाली. “पण तुम्हाला राहवलं नाही ना ताई? दिवाळीच्या आधीच पाठवलंत पोलिसांना.”

मराठी कळत नसूनही दोघं साक्षीदार माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी राहा.”