फॅमिलीसाठी पडदा

आमचं शेवटचं बाहेरचं जेवण दोह्याच्या मुऐदर भागातल्या एका मलबारी हॉटेलात झालं. शुक्रवारची, सुट्टीची दुपार होती. मुलगा आणि सून पोरांना घेऊन मॉलला गेले होते. तिथला एसी माझ्या बायकोला सोसायचा नाही, म्हणून आम्ही दोघं मागं राहिलो. हॉटेल गल्लीच्या तोंडाशीच. जिन्यापाशी ती थांबली.

"अवो, आज भाईरच बसू की."

"का? वर फॅमिली रूम रिकामी आहे."

"रिकामी हाय म्हणूनच म्हंते. तितं भिंतीकडं बघून जेवायचं. हितं माणसं तरी दिसत्यात."

"पुढच्या शुक्रवारी बसू," मी म्हणालो आणि जिना चढलो. ती आली मागनं. बसल्यावर मी पडदा ओढून घेतला.

"झाकून ठिवायला मी काय दुधाचं पातेलं हाय? मांजर तोंड घालंल म्हणून?"

"जेव गप."

हा पडदा माझ्या डोक्यात कसा बसला ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. ट्रेलर चालवायला कतारला आलो तेव्हा मुलगा शाळेत जात होता. पण इथं बायको सोबत नसली की माणूस बॅचलर. आमच्या खोलीतले सगळे लग्न झालेले आणि सगळेच बॅचलर. शुक्रवारी मॉलला गेलो तर दारावरचा सिक्युरिटी हात आडवा करायचा, ओन्ली फॅमिली. हॉटेलात खाली आम्ही, वर फॅमिली. फॅमिली म्हणजे बायको, हे इथं आल्यावर कळलं.

दोह्यात कुठं खावं हे मला विचारावं कुणी. पठाणाची डाळ-रोटी खाल्ली, इराण्याची भट्टीतली भाकर गाडीत बसून नुसती खाल्ली, येमेनी लोकांच्या परातीत मांडी घालून भात हाणला. चहा तर हॉर्न वाजवला की खिडकीत यायचा. पण वरून बायकांचं हसणं ऐकू आलं, बांगड्या वाजल्या, की मान आपोआप जिन्याकडं वळायची. मनाशी धरलं होतं, माझी आली की तिला त्या पडद्यामागं नेऊन बसवीन.

ती आली ती म्हातारपणी. मी नोकरी सोडून गावी गेलो, मग मुलाला इथंच वेस्ट बेमधल्या ऑफिसात काम लागलं, त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. पहिल्या दिवसापासून मी तिला हॉटेलात नेऊ लागलो. येमेनी, तुर्की, नेपाळी. जिथं पडदा तिथंच बसायचं. साऱ्या मुलखांचं खाल्लं तिनं, पण खाणारं माणूस एक धड पाहिलं नाही. पडद्याच्या फटीतून बघायची.

"अवो, बघा की, त्यो काळा दादा भातात केळ कालवतोय!"

"सोमालियाचा असेल. त्यांच्यात खातात."

"ग्वाड लागत आसंल का वो? इचारू का त्येला?"

"पडदा सोड आधी."

गावच्या आठवडी बाजारात भाजी विकणारी बाई ती. माल संपला तरी उठायची नाही. म्हणायची, माणसं बघते जरा. अशा बाईला मी कोंडून जेवायला घालत होतो, आणि मला वाटायचं तिचा मान ठेवतोय. मुलगा एकदा बोलला, "बाबा, आता कुणी काही म्हणत नाही, सगळेच बाहेर बसतात." मी त्याला म्हटलं, "तू आल्या आल्या फॅमिली आणलीस, तुला काय कळणार." बरोबर तोच होता.

त्या शुक्रवारी तिनं मच्छी खाल्ली, माझ्यातलाही तुकडा उचलला. भाताला नावं ठेवली, शितं हरभऱ्याएवढी म्हणून. पडदा जरा सारा म्हणाली. मी नाही सारला. संध्याकाळी कोथिंबीर निवडायला बसली आणि पाठीत कळ आली म्हणाली. घाम फुटला. मुलगा गाडी काढून हॉस्पिटलला घेऊन गेला, मी मागं तिचा हात धरून. दिवेलागणीला डॉक्टरनं बाहेर येऊन मुलाला इंग्रजीत सांगितलं. मला सांगायची गरज पडली नाही.

तिला गावी नेऊन अग्नी द्यायचं ठरलं. त्याला कागद लागतात, आणि तोवर ती तिथंच, हॉस्पिटलच्या थंडीत. एसी न सोसणारी बाई.

सकाळी मुलगा कागदांच्या मागं गेला. सून दारात येऊन म्हणाली, "बाबा, गॅस पेटवायचा का नाही? मला यातलं काही माहीत नाही." गावी असतो तर भावकीनं भाकरी आणल्या असत्या. मी म्हटलं, "नको पेटवू." पण नातवंडं रात्रीपासून बिस्किटांवर होती. मी चपला घातल्या.

त्याच हॉटेलात गेलो, दुसरं जवळ नव्हतं. वेटरनं जिन्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "चाचा, अकेला? तो इधर बैठो." मी पराठे आणि चण्याची भाजी बांधायला सांगितली आणि खालीच बसलो, मधल्या टेबलाला. चहुबाजूंनी माणसं खात होती. कुणी पराठा चहात बुडवत होतं, कुणी उभ्यानंच. एकानं अख्खी मिरची चावली आणि डोळे पुसले. तिनं प्रत्येकाचं गाव विचारलं असतं.

समोर एक नेपाळी ड्रायव्हर बसला होता. त्यानं पाण्याचा जग माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, जे इथं सगळेच विचारतात.

"चाचा, फॅमिली इधर है या गाँव में?"

"इधर है," मी म्हणालो. "अब गाँव भेजना है."

"अच्छा है. इधर गर्मी बहुत है."

मी मान हलवली. पार्सल आलं. ते घेऊन घरी गेलो आणि पोरांना वाढलं.