शोभेचा हापसा

सुखदेवला माणसांविषयी एकंदरीतच तुच्छता होती आणि ती लपवण्याचे कष्ट तो घेत नसे. जिल्हा परिषदेत हातपंपांचा मेकॅनिक म्हणून त्याने सव्वीस वर्षं काढली. हडपसरच्या आसपास कुठल्या वस्तीवरचा हापसा कोणत्या साली बसला, किती सळया खाली गेल्या, हे त्याला तोंडपाठ. तक्रार आली की सायकलवरून यायचा, पाईपला कान लावायचा, कुणाला तरी चार वेळा हापसायला सांगायचा आणि निकाल द्यायचा, "वायसर गेलंय. आन् दांड्याला म्हशी कोन बांधतं?" बांधणारा समोरच उभा असायचा. तो आपला आभाळाकडे बघत राही.

निवृत्त झाल्यावर तो गाडीतळाजवळच्या चहाच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जगाला नावं ठेवू लागला. तोवर हडपसरची शेतं संपली होती. जिथे ऊस उभा असायचा तिथे काचेच्या इमारती झाल्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली त्यांत शिरू लागली. सुखदेव म्हणायचा, "गळ्यात पट्टा घातल्याबिगर आत घेत नाहीत म्हनं." मी नारायण पेठेतली खोली सोडून इथे फ्लॅट घेतलेला पेन्शनर. त्याची जीभ ऐकायला मी रोज तिथे चहा पीत असे. इतकं स्वच्छ बोलणारा माणूस मला हडपसरात दुसरा भेटला नव्हता.

आमची सोसायटी छत्तीस बिऱ्हाडांची. नाव अमृतकुंज, आणि महापालिकेचं पाणी दर गुरुवारी बंद. जमीन मूळची मुक्ताईची. तिच्या मुलाने, भैरूने, ती बिल्डरला विकली आणि मोटारसायकल घेऊन सासवडच्या बाजूला निघून गेला. म्हातारी दोन म्हशींसह मागच्या गल्लीतल्या पत्र्याच्या घरात राहिली. शेताच्या कडेचा जुना हापसा आमच्या भिंतीच्या आत आला, म्हणून बिल्डरने मागच्या भिंतीत तिच्यापुरतं एक दार ठेवलं होतं. हापसा तुला जन्मभर मोकळा, असा शब्द त्याने भैरूसमोर दिला होता. ती सकाळ-संध्याकाळ यायची, हापसायची, म्हशींना पाणी न्यायची. सोसायटीतली निम्मी घरं तिचंच दूध घेत होती.

दोन हजार तीन साली आमच्या सेक्रेटरीच्या डोक्यात त्याच हापशाच्या बोअरमध्ये विजेची सबमर्सिबल मोटर बसवायचं आलं. सेक्रेटरी विश्वजीत, वय एकतीस, आयटीत. त्याला कुठलीही वस्तू बघितली की ती लागते की नाही एवढंच दिसायचं. सभेत तो म्हणाला, "मोटर आल्यावर मॅन्युअल सिस्टिम रिडंडंट आहे. काढून टाकू. शिवाय ते मागचं दार म्हणजे सिक्युरिटी इश्यू आहे." यावर दुसऱ्या मजल्यावरच्या नम्रताने हरकत घेतली. म्हातारीसाठी घेतली असेल असं मला क्षणभर वाटलं. पण ती म्हणाली, "वरचा पार्ट ठेवू या ना! किती क्यूट दिसतो. ब्लॅक पेंट, हँडलला गोल्डन, भोवती लॉन." टाळ्या पडल्या. हापशाच्या पोटातलं सगळं काढायचं आणि हापसा ठेवायचा, असं छत्तीस सुशिक्षित बिऱ्हाडांनी एकमताने ठरवलं. ठराव मी लिहिला, कारण पेठेतला माणूस शुद्ध लिहितो असा समज आहे. 'विद्युतीकरणानंतर अनावश्यक ठरणारे अंतर्गत भाग काढून बाह्य भाग सुशोभीकरणार्थ ठेवावा.' त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकतो.

काम सुखदेवला द्यावं, हे मीच सुचवलं.

तो आला, हापशाभोवती एक फेरी मारली आणि विश्वजीतला म्हणाला, "सहा इंची बोअर हाय. मोटर खाली सोडा, हापश्याचं सिलिंडर वर ऱ्हाऊ द्या. दोनी नांदत्यात एका जागी. लाईट गेली तर हापसा हाय."

"मामा, आपल्याकडे जनरेटर आहे."

"म्हातारीकडं हाय का?"

"त्यांच्यासाठी काहीतरी अरेंज करू."

काहीतरी करू, याचा अर्थ पुण्यात काय होतो हे सुखदेवलाही ठाऊक होतं आणि मलाही. तो माझ्याकडे वळला. "जे पानी देतं ते काढायचं आन् जे दिसतं ते ठेवायचं. आन् हे ठरवायला तुम्ही सभा घेतली?" मी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं, पण मी हसलो. मनातून मला खात्री होती की हा आता पाना पिशवीत टाकेल, आम्हाला दोन शेलक्या शिव्या देईल आणि चालू लागेल. मग आमची लाज परस्पर राखली जाईल. पण ज्यांच्या जिभेला धार असते ते हाताने फार आज्ञाधारक असतात. सुखदेवने विचारलं, "कवा यायचं?"

मुक्ताई लेकीकडे उरुळीला गेली होती, म्हणून मंगळवार बरा पडेल असं कुणीतरी म्हणालं.

मंगळवारी तो दोन गडी घेऊन आला. काम मात्र बघत राहावं असं केलं त्याने. वरचं डोकं उतरवलं, दांड्याची साखळी सोडली, एकेक सळई वर ओढून गोणपाटावर ओळीने मांडली, मग पाईप, आणि सगळ्यात शेवटी पितळी सिलिंडर. ते उघडून त्याने आतलं चामडी वायसर बोटाने दाबून पाहिलं. "अजून दोन वर्सं काय झालं नसतं ह्याला," तो म्हणाला आणि ते सळयांच्या शेजारी ठेवलं. मग मोटर खाली गेली आणि रिकामं डोकं पुन्हा चौथऱ्यावर बसलं. दांड्याला आता खाली काहीच नव्हतं. मोटरचं पहिलं पाणी विश्वजीतच्या गाडीवर पडलं. नम्रताने स्वतः उभी राहून सोनेरी रंग लावून घेतला.

गुरुवारी सकाळी मुक्ताई बादल्या घेऊन मागच्या दाराने आली. मी गॅलरीत होतो. तिने सवयीने अंगाचा भार दांड्यावर टाकला, दांडा भसकन खाली गेला आणि ती पडता पडता वाचली. पाणी खोल गेलं असेल असं वाटून ती हापसतच राहिली. तीस वेळा, चाळीस वेळा. वॉचमन धावत आला आणि रंग खराब होतो म्हणून तिच्यावर ओरडला. तिने हाताला लागलेला सोनेरी रंग पाहिला, तो लुगड्याला पुसला आणि रिकाम्या बादल्या घेऊन गेली. मी गॅलरीतून आत आलो. दुसरं काही केलं नाही. पुढच्या आठवड्यात मागचं दार विटांनी बुजवलं.

तिच्या गल्लीतला नळ दिवसाआड तासभर यायचा, तेवढ्यात म्हशींचं भागत नव्हतं. एक म्हैस पावसाळ्याआधी विकली गेली, दुसरी गणपतीनंतर. दूध बंद झाल्यावर नम्रता मला जिन्यात म्हणाली, "ही लोकं किती अनरिलायबल असतात ना, काका!" मी हो म्हणालो.

दिवाळीनंतर एका सकाळी सुखदेव आणि मी चहाच्या दुकानात बसलो होतो. तो नेहमीप्रमाणे अमृतकुंजच्या नावाने बोटं मोडत होता आणि मी चवीने ऐकत होतो. तेवढ्यात मुक्ताई रस्ता ओलांडून सरळ आमच्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

"सुखदेवा, हापसा बसवलास तवा माज्या हातनं नारळ फोडून घेतला व्हतास. काढताना सांगाय तरी यायचंस."

सुखदेवने कप खाली ठेवला. "सांगाय आलो असतो तर तू काढू दिला नसतास."

"नसताच दिला," म्हातारी म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

आम्हा छत्तीस बिऱ्हाडांपैकी कुणीच तिला सांगितलं नव्हतं. ते त्याचसाठी.